कारवीतल्या हाका

दादा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात बाबांनी एकदा जेवताना सांगितले की त्यांना जंगलात जायचे आहे. कोणत्या जंगलात, हे विचारायची गरज नव्हती. आमच्या चारकोपच्या खोलीच्या मागच्या खिडकीतून, समोरच्या दोन इमारतींच्या फटीत, बोरिवलीच्या डोंगराची एक निळसर कड दिसते. थंडीतल्या रविवारी दादा पहाटेच बूट चढवून त्या कडेच्या पलीकडे जायचा आणि संध्याकाळी हातापायांवर करवंदीचे ओरखडे घेऊन परत यायचा. तिथे काय करतोस, असे त्याला घरात कोणी फारसे विचारले नव्हते.

"तो खंय जाय होतो, तां माका बघूचा आसा," बाबा म्हणाले आणि पुन्हा भात कालवू लागले.

आईचा हात ताटातच थांबला. तिने बाबांकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले. "घेवन जातलंस तर घेवन येवचा पडतला," एवढेच ती म्हणाली.

दादा साध्या तापाने गेला. दवाखान्यात जाताना तो स्वतःच्या पायांनी रिक्षात चढला होता आणि मला सांगत होता की त्याच्या टेबलावरचे चार्जर घेऊन ये. तेव्हापासून मला साध्यासुध्या गोष्टींची भीती बसली आहे. बाबा दुपारी आडवे झाले की मी दारात उभा राहून त्यांची छाती वरखाली होते का ते बघतो. फोन वाजला की आधी आई-बाबा दोघेही घरात आहेत का ते बघतो, मग उचलतो. मी अंधेरीच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करतो. तिथे सगळे हळू बोलतात आणि प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते, म्हणून दिवस निभावतो. जंगलात मी त्याआधी कधी गेलो नव्हतो. तिथे कशाचीच जागा ठरलेली नसते, असे मला वाटायचे.

दादाचा एक मित्र दर हिवाळ्यात परवानगी काढून दहा-बारा जणांना घेऊन जायचा. त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, काकांना आणच, आपण हळू जाऊ. त्याने वाट समजावून सांगितली. लेण्यांच्या मागच्या अंगाने चढायचे, माथ्यावरच्या माळावर जायचे, तिथून पलीकडच्या जुन्या रानाच्या दरीत उतरायचे आणि ओढ्याच्या काठाकाठाने वळसा घालून पुन्हा डांबरी रस्त्याला लागायचे. सकाळी निघायचे आणि उन्हे कलायच्या आत बाहेर पडायचे. दादाची ही सगळ्यांत आवडती फेरी होती, असेही तो म्हणाला. हे मला माहीत नव्हते.

चढताना बाबांची काळजी करणे व्यर्थ आहे, हे लवकरच कळले. त्यांचे लहानपण कोकणात डोंगर चढण्या-उतरण्यात गेले होते. मिलमधली इतकी वर्षे आणि नंतरची वॉचमनची नोकरी त्या पायांतून जणू निघूनच गेली. कॅनव्हासचे बूट, हातात काठी, खांद्याला शबनम, आणि एका लयीत पाऊल. धाप मला लागत होती. मित्र पुढून ओरडून म्हणाला, "काका, तुमचा हा मुलगा पहिल्यांदाच आलाय. याला धरून ठेवा, नाहीतर बसेल कुठेतरी पुस्तक उघडून." लोक हसले. बाबाही हसले. त्या वर्षात त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिले आणि वाटले, आलो ते बरे झाले.

मग एका ओलसर जागी पुढचे सगळे थांबले. वनखात्याने आमच्याबरोबर दिलेला वाटाड्या, तिथल्याच एका पाड्यातला माणूस, खाली वाकून चिखलाकडे बोट दाखवत होता. चार बोटे आणि मागे एक रुंद तळवा. कडा अजून सुकल्या नव्हत्या. मित्र हळू आवाजात म्हणाला, हा रात्रीचा असेल, किंवा पहाटेचा. लोकांनी फोटो काढले. बाबांनी मात्र चप्पल काढावी तसे पाय जवळ घेतले, हात जोडले आणि त्या ठशाला वळसा घालून करवंदीच्या जाळीतून पलीकडे गेले. मीही तसेच केले. काटे लागले, पण त्या ठशावरून पाय टाकायची हिंमत झाली नाही. बिबट्या हा शब्द त्यानंतर आमच्यात कोणी उच्चारला नाही. जो तो 'तो' म्हणत होता.

माळावर जेवलो. तिथून एकीकडे बोरिवली, दुसरीकडे मुलुंड आणि मधे दोन तलाव असे सगळे एकदम दिसते. इमारतींच्या रांगा दोन्हीकडून डोंगराच्या पायापर्यंत आलेल्या, पण आवाज एकही नाही. आपण राहतो ते शहर इतके मुके दिसू शकते, याने मला कसेतरी झाले. बाबांनी विचारले, तो कुठे बसायचा? मित्राने एका पांढरट खडकाकडे बोट दाखवले. बाबा जाऊन त्यावर बसले. चपाती-भाजी त्यांनी तिथेच खाल्ली, आमच्याकडे पाठ करून.

उतरताना मित्र माझ्याजवळ आला. "तू काकांना घेऊन शेवटी राहा," तो म्हणाला. "घाई नको. खाली ओढ्याला आम्ही थांबतो. वाट एकच आहे, चुकायचा प्रश्न नाही." मग जरा थांबून म्हणाला की शेवटी नेहमी दादा असायचा, मागे कोणी राहू नये म्हणून.

दरीतले रान वेगळे होते. वरच्या उतारावर ऐन आणि पळस विरळ होते, उजेड होता. खाली एकेका झाडाचे दोघांना मिळून कवेत घ्यावे लागतील असे बुंधे, त्यांवर चढलेल्या मांडीएवढ्या वेली, आणि वर पाने इतकी दाट की ऊन जमिनीपर्यंत येताना हिरवे होऊन जायचे. सूर्य अजून वर होता, पण दरीला तो दिसत नव्हता. झाडे किती जुनी असतील, असा विचार मनात आला आणि त्याने धीर आला नाही. आम्ही नव्हतो तेव्हा ती होती, दादा येत होता तेव्हा होती, आता तो येत नाही याने त्यांच्यात काही फरक पडलेला नव्हता. पुढच्या लोकांचे बोलणे हळूहळू विरत गेले. मग फक्त आमच्या पायांखालची पाने वाजत राहिली.

त्यानंतर कारवीचा पट्टा लागला. कारवी म्हणजे बोटाएवढ्या जाडीच्या सरळ काठ्यांचे झुडूप, पण तिथे ती माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती आणि एकमेकांत अशी घुसलेली की दोन हातांपलीकडचे दिसू नये. वाट तिच्यातून बोळासारखी गेली होती.

बाबांनी करंगळी दाखवली. संकोची माणूस. घरातसुद्धा मोरीचे दार लावून वर पाणी सोडून ठेवणारे. ते वाटेवरून बाजूला कारवीत शिरले, आणि मी पाठ करून चार पावले पुढे जाऊन उभा राहिलो. काठ्या वाजल्याचा आवाज आला, थोडा लांब गेला, थांबला. मी एका पानावरच्या कोळ्याच्या जाळ्याकडे बघत राहिलो. पुष्कळ वेळ झाला असे वाटले तेव्हा वळून पाहिले. कारवी निश्चल होती.

"बाबा?" मी म्हणालो. ग्रंथालयात बोलतात तसे. मग जरा मोठ्याने, "बाबा!"

आणि थांबून ऐकू लागलो. कुठेतरी मी वाचले होते की रानात कोणी हरवले तर सारखे ओरडत राहू नये. हाक मारावी, थांबावे, कान द्यावा, कारण समोरचा उत्तर देत असला तर आपल्याच आवाजात ते बुडून जाते. मला ते शहाणपणाचे वाटले होते. मी कान दिला. उत्तर नव्हते.

ते शिरले होते तिथून मीही आत शिरलो. काठ्या तोंडावर आपटत होत्या. थोड्या अंतरावर कारवी संपून एक अरुंद मोकळी पट्टी लागली, पायवाटेसारखी, पण कमरेच्या वर फांद्यांनी झाकलेली. माणसांची नव्हे, जनावरांची वाट. म्हणजे बाबा या बाजूने बाहेर पडले आणि हीच आपली वाट असे समजून चालू लागले. वर गेले की खाली, कळायला मार्ग नव्हता. मी खालच्या बाजूला थोडा गेलो आणि दोन हाका मारल्या. थांबलो. मग मागे येऊन वरच्या बाजूला गेलो आणि तिथून दोन हाका मारल्या. थांबलो.

फोनला रेंज नव्हती. ओढ्याकडे धावत जाऊन लोकांना बोलवावे, तर तेवढ्यात बाबा या जागी परत आले आणि मी नसलो तर? इथेच थांबावे, तर ते दूर दूर जात राहिले असतील तर? मी मूळ वाटेवर आलो, पुन्हा आत गेलो, पुन्हा बाहेर आलो. प्रत्येक ठिकाणी दोन हाका आणि मग ती शांतता, जिच्यात मी श्वास धरून उभा राहायचो. माझा आवाज त्या काठ्यांत शिरून कुठे जातो ते कळत नव्हते. तो लगेच मरत होता. उंच झाडांच्या खाली मोठ्याने बोलायचीच मला भीती वाटत होती, हेही खरे. आपण ज्याला हाक मारतोय त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी ती ऐकावी, अशी ती जागा होती.

बाबा पडले असतील, हा विचार आधी आला. मग त्यांची छाती. मग दादाचा चेहरा, दवाखान्यातल्या पांढऱ्या चादरीवरचा. मग मी घरी जातोय, दार उघडे आहे, आई ओट्याशी उभी आहे आणि माझ्यामागे कोणी नाही. हे चित्र इतके स्पष्ट होते की ओट्यावरचे भांडेही दिसले. मी खाली बसलो.

तेव्हाच वरच्या झाडांत वानर खोकल्यासारखा ओरडला. एकदा, मग लागोपाठ. दुसरा एक लांबून ओरडला. मित्राने सकाळी सांगितले होते की वानर असा खाकरला की समजायचे, त्याला वरून 'तो' दिसला आहे. खाली दरीत चितळाची एक कर्कश शिट्टी झाली. पहिला वानर पुन्हा ओरडला, आणि त्याच्या ओरडण्याची जागा सरकली होती. काहीतरी त्या उतारावरून चालत होते, आणि वानर झाडावरून त्याच्याबरोबर जात होता.

वाचलेले सगळे त्या क्षणी डोक्यातून गेले. मी उठलो आणि ओरडू लागलो. थांबलो नाही, ऐकले नाही. बाबा, बाबा, बाबा, बाबा. घसा फाटेस्तोवर. मला स्वतःचा आवाज ओळखू येईना.

"ओऽ," असे उत्तर आले. खालून, अगदी जवळून. दोन खोल्यांमधले अंतर असावे इतक्या जवळून.

कारवी मोडत मी खाली घसरलो. एका मोठ्या ऐनाच्या बुंध्याला टेकून बाबा मांडी घालून बसले होते. काठी आडवी मांडीवर. आणि त्यांचा सदरा उलटा होता. शिवणी बाहेर आलेल्या, खिशाची पिशवी छातीवर लोंबत होती, गळ्यामागे कंपनीचे लेबल. मला पाहून ते उठले नाहीत. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत असे बघत राहिले की मी जागेवरच थबकलो. त्यांना भ्रम झाला आहे, ते मला ओळखत नाहीत, असे वाटले.

"बाबा, मी," मी म्हणालो.

"कळला आता," ते म्हणाले, आणि सदऱ्याची बटणे सोडायला लागले.

सदरा सुलटा घालता घालता त्यांनी सांगितले. वाट वेगळीच आहे हे त्यांच्या लवकर लक्षात आले होते. परतायला गेले तर पुन्हा त्याच ऐनापाशी आले. त्यांच्या गावात याला चकवा म्हणतात. चकवा लागला की चालायचे नाही, असाल तिथे बसायचे आणि अंगातले कपडे उलटे करून घालायचे. त्यांनी तसे केले होते. म्हणजे ते सगळा वेळ तिथेच बसून होते.

"मग मी इतक्या हाका मारल्या त्या ऐकू नाही आल्या?"

"आयल्यो."

"मग ओ का नाही दिलीत?"

बाबांनी वरचे बटण लावले, पुन्हा सोडले, पुन्हा लावले. "दोनच मारी होतंस," ते म्हणाले. "हंयसून दोन, थंयसून दोन. रानात दोन हाकांक कोण ओ देता? गेलेलो माणूस तिसरी हाक मारणा नाय. तिसरी आयली तर समजूचा, जितो आसा."

वानर अजून ओरडत होता, पण दूर गेला होता.

"आणि आवाज तेचोच," बाबा म्हणाले.

दादाचा आणि माझा आवाज सारखा आहे, हे लोक फोनवर म्हणायचे. आम्ही दोघे त्यावर हसायचो. बाबांनी ते कधी बोलून दाखवले नव्हते. त्या झाडाखाली बसून त्यांनी बाबा अशी हाक ऐकली होती, एकदा खालून, एकदा वरून, दादाच्या आवाजात, दादाच्या रानात. आणि ते तोंड मिटून तिसऱ्या हाकेची वाट बघत बसले होते. मी प्रत्येक वेळी दुसरीनंतर थांबत होतो.

विचारायला नको होते, पण तोंडातून निघून गेले. "आणि दिली असतीत तर?"

"तर तेच्यावांगडा गेलंय असतंय," ते सहज म्हणाले. त्याच्याबरोबर गेलो असतो. आणि मग, माझ्याकडे न बघता, "एकदा वाटलेला, देवया म्हणान."

द्यावी, असे एकदा वाटले होते. वानराने मला जेवढे घाबरवले नव्हते, तेवढे या वाक्याने घाबरवले. मी त्यांचा दंड धरला तो इतका घट्ट की ते कण्हले.

वर चढून मूळ वाटेवर आलो. बोळ एकामागून एक चालण्याइतकाच होता. त्यांना मी पुढे घातले, म्हणजे डोळ्यांसमोर राहतील. थोडे चालून ते थांबले आणि मान न वळवता म्हणाले, "बोलत रव झिला. गप रवलंस काय माका कळणा नाय, मागसून कोण येता तां."

झिला म्हणजे मुला. ते आम्हा दोघांनाही हीच हाक मारायचे.

मी बोलू लागलो. मला बोलायची सवय नाही. घरात दिवसभरात माझी दहा-वीस वाक्ये होत असतील. मी ग्रंथालयातल्या वाळवीचे सांगितले, मागच्या कपाटातल्या जुन्या मासिकांचा तिने कसा भुगा केला ते. बाबा पुढून "हूं" म्हणाले. नवीन रॅक उंच आहेत आणि शिपाई शिडीवर चढायला तयार नाही, हे सांगितले. हूं. सेक्टरमध्ये पाणी कमी दाबाने येते, पत्र्याला पावसाळ्याआधी डांबर मारायला हवे, आईच्या चष्म्याची काडी सैल झाली आहे. हूं. मग सांगण्यासारखे संपले. मी पायाखालचे सांगू लागलो, इथे मूळ आहे, इथे दगड हलतो, डावीकडे धरा. काठीचा आवाज, हूं, माझा आवाज. मधे श्वास घ्यायला थांबलो की बाबांची पाठ ताठ व्हायची, आणि मी घाईने काहीही बोलायचो.

असेच काहीही बोलताना दादा तोंडात आला. शाळेत असताना त्याने मला पाठुंगळी घेऊन दहिसर नदी ओलांडली होती आणि मधे माझी एक चप्पल वाहून गेली होती. तो उरलेला सगळा दिवस ती शोधत काठाने खाली खाली गेला होता. घरी आम्ही त्याच्याविषयी बोलणे सोडून दिले होते. हार घातलेल्या फोटोसमोरून सगळे जण नुसते जा-ये करायचे. मी सांगत होतो आणि पुढून हूं येईना. काठीही वाजेना. बाबा उभे राहिले होते. मलाच माझ्या आवाजाची भीती वाटली, की या आवाजात ही गोष्ट सांगायला नको होती, की आता त्यांना काही वेगळे ऐकू आले असेल.

"फुडे?" बाबा म्हणाले.

"चप्पल मिळाली नाही. पण दुसऱ्याच कोणाची तरी एक घेऊन आला. डाव्या पायाची. माझी उजवी गेली होती."

बाबांचे खांदे हलले. हसले की काय ते मागून कळले नाही. ते चालू लागले आणि मी बोलत राहिलो, घसा बसत आला तरी.

ओढ्याचे पाणी दिसले तेव्हा समोरून मित्र चढून येत होता, धापा टाकत, शोधायला निघालेला. आम्हाला पाहण्याआधी त्याने मला ऐकले असावे. तो वळणावर उभा होता, एका हाताने फांदी धरून, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला होता.

"तू आहेस होय," तो मला म्हणाला. "मला क्षणभर…" आणि त्याने वाक्य सोडून दिले.

मी गप्प झालो. ओढ्याचा आवाज तेवढा येत राहिला. बाबांनी मागे वळून माझ्याकडे एकदा नीट पाहिले आणि मग काठी पुढे टेकत त्या मित्राला म्हणाले,

"घाबरा नको. धाकटो आसा तो."